कार्ड पाच लाखांचं, खर्च महिन्याच्या गोळ्यांचा: ज्येष्ठांसाठी सरकारने नेमकं काय करावं?

सांजवेळ (धागाकर्ती)

आईचं आयुष्मान वय वंदना कार्ड (सत्तरीपुढच्यांना ५ लाखांपर्यंतचं सरकारी उपचार-संरक्षण देणारं) काढून अकरा महिने झाले. एवढ्या काळात ते एकदाही वापरावं लागलं नाही, याबद्दल देवाचे आभारच मानते. पण याच अकरा महिन्यांत तिच्या गोळ्यांना ४१,८०० रुपये लागले, तपासण्यांना ८,८०० आणि डॉक्टरांच्या फीला ४,२००. एकूण ५४,८०० रुपये. त्यातला एक रुपयाही कार्डातून आला नाही, येणारही नव्हता. ते कार्ड दवाखान्यात अ‍ॅडमिट झालेल्या माणसासाठी आहे. भरती होण्याआधीचे ३ दिवस आणि सुट्टी मिळाल्यानंतरचे १५ दिवस, एवढाच काय तो बाहेरचा खर्च त्यात धरतात. घरी बसून रोज सात गोळ्या घेणारी बाई त्यात कुठेच नाही.

आई ७६ वर्षांची आहे. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, आणि दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेला. वडील खाजगी कारखान्यात होते. ते गेल्यावर ईपीएस ९५ मधून, म्हणजे खाजगी नोकरदारांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतून, तिला महिन्याला १,६४० रुपये येतात. शिवाय ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ९ लाख ठेवलेत, त्याचे ८.२ टक्क्यांनी तिमाहीला १८,४५० होतात. म्हणजे महिन्याचे ७,७९० रुपये, आणि त्यातले सरासरी ५,००० औषधपाण्यात. उरलेल्या २,८०० मध्ये वीजबिल, गॅस, दूध, किराणा आणि सोसायटीचा मेंटेनन्स. अर्थातच भागत नाही. मी आणि भाऊ भर घालतो, दिवसा सोबतीला येणाऱ्या बाईचे ९,००० आम्ही वेगळे देतो. आम्हाला ते जड जात नाही असं नाही, पण आम्ही आहोत. भर घालणारं कुणीच नाही अशा घरात काय होत असेल, हा विचार मला झोपू देत नाही.

आता थोडं धोरणाबद्दल. सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, ५ लाखांचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळालं. जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून धरली जातात. खाजगी विम्यात हे स्वप्नातही मिळालं नसतं. राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादाही दीड लाखावरून ५ लाख झाली. २०१७ मध्ये हृदयात बसवायच्या स्टेंटच्या किमतीला लगाम घातला, त्याच वर्षी गुडघ्याच्या सांध्यालाही. यातली प्रत्येक गोष्ट चांगली आहे. पण नीट बघा, या सगळ्यांना जोडणारा एक धागा आहे: ऑपरेशन, भरती, मोठं बिल. म्हातारपणाचा खर्च बहुतेक घरांत असा एकदम येत नाही. तो दर महिन्याच्या पाच तारखेला येतो, थोडाथोडा येतो आणि मरेपर्यंत थांबत नाही.

उत्पन्नाची बाजू तर गोठूनच गेली आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयासाठी महिना २०० रुपये आहे. २००७ मध्ये २०० होता, आजही २००. ८० वर्षांनंतर ५००. ईपीएस ९५ ची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० झाली, ती तिथेच आहे. महागाई भत्ता नाही. रेल्वेच्या तिकिटात पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये करोनाच्या काळात बंद झाली आणि परत आलीच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की धोरणाने दवाखान्याच्या खाटेवरून नजर उचलून घरातल्या औषधाच्या डब्याकडे बघावं. तुमच्या घरात काय अनुभव आहे, आणि सरकारकडे नेमकं काय मागावं असं तुम्हाला वाटतं? आकड्यांसह लिहिलंत तर बरं होईल.

---

काउंटरमागून

औषधाचं दुकान चालवून मला २२ वर्षं झाली. सांजवेळ, तुम्ही लिहिलंत ते मी रोज बघतो. महिन्याच्या वीस तारखेनंतर आजोबा लोक येतात आणि हळू आवाजात म्हणतात, "पाचच गोळ्या द्या, पेन्शन झाली की बाकीच्या नेतो." काहीजण रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतात. विचारलं तर म्हणतात, आता बरं वाटतंय. बरं वाटत नसतं, पुरवून पुरवून घेत असतात. त्यातलाच एखादा सहा महिन्यांनी झटका येऊन अ‍ॅडमिट होतो, आणि मग त्याचं ५ लाखांचं कार्ड कामी येतं. दोन रुपयांची गोळी परवडली नाही म्हणून सरकारचे लाखभर रुपये जातात आणि माणूस लुळा होतो.

किमतींबद्दल आमच्या बाजूने सांगतो, कारण लोकांना वाटतं सगळी औषधं सरकारी दरात बांधलेली आहेत. तसं नाही. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत (२०२२ ची, ३८४ औषधं) जी आहेत, त्यांचीच कमाल किंमत ठरते. तीही ठरावीक ताकदीच्या गोळीची. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या बऱ्याचदा यादीबाहेर राहतात, आणि मधुमेह-रक्तदाबात हल्ली अशाच गोळ्या जास्त लिहिल्या जातात. यादीबाहेरच्या औषधाची छापील किंमत कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते, कुणाला विचारायची गरज नाही. दरवर्षी १० टक्के म्हणजे सात वर्षांत जवळजवळ दुप्पट. यादीतल्या औषधांच्या किमती घाऊक महागाईच्या निर्देशांकाशी जोडल्या आहेत. त्यानुसार एप्रिल २०२२ मध्ये १०.७७ टक्के आणि एप्रिल २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढीची परवानगी मिळाली होती. म्हणजे गोळी महागाईशी जोडलेली आहे आणि ती गोळी खाणाऱ्याची पेन्शन जोडलेली नाही. माझं दुकान यावरच चालतं, तरी हे मला पटत नाही.

जन औषधी केंद्रातून घ्या असं मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगतो. धंदा जातो, जाऊ दे. देशात १५,००० च्या वर केंद्रं झाली आहेत आणि किमतीत निम्म्याहून जास्त फरक पडतो. पण चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर तेच औषध दुसऱ्या नावाने मी बदलून देऊ शकत नाही, कायद्याने परवानगी नाही. डॉक्टरांना विचारून या म्हटलं की ७५ वर्षांची आजी पुन्हा रांगेत बसणार, पुन्हा फी देणार. निदान ज्येष्ठांच्या कायमच्या औषधांपुरतं तरी चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव लिहिणं सक्तीचं व्हावं आणि दुकानदाराला बदलून द्यायची मुभा असावी. याला सरकारला पैसा लागत नाही.

---

हिशेबनीस

चर्चा चांगली आहे, पण एक अवघड प्रश्न विचारतो. राग मानू नका.

२०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे १०.४ कोटी लोक होते. २०३६ मध्ये हा आकडा सुमारे २२.७ कोटी असेल असा सरकारी तज्ज्ञगटाचाच अंदाज आहे. म्हणजे मागणाऱ्यांची संख्या दुप्पट होणार आणि कर भरणारे हात त्या प्रमाणात वाढणार नाहीत. ७० वर्षांपुढच्या प्रत्येकाला, श्रीमंत असो वा गरीब, मोफत उपचार देणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. आमच्या इमारतीत तीन फ्लॅट भाड्याने दिलेले एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडेही ते कार्ड आहे. तोच पैसा गरिबांच्या पेन्शनमध्ये का घालू नये? आधी गरज कुणाला आहे ते ठरवा, मग योजना.

---

सेतू_रांग

हिशेबनीस, "गरज कुणाला आहे ते ठरवा" हे वाक्य मी बारा वर्षं दुसऱ्या टोकाने बघतोय. आमच्या तालुक्यात म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरून द्यायचं काम मी करतो, विनामूल्य. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे गरीब ज्येष्ठांसाठीच्या राज्याच्या निवृत्तिवेतनाचे, महिन्याला १,५०० रुपये मिळतात. वय ६५ हवं, आणि मी भरलेल्या प्रत्येक अर्जावर कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपये होती. महिन्याचे १,७५० झाले. रोजगार हमीवर एका माणसाने तीन-चार महिने काम केलं तरी घर या मर्यादेच्या बाहेर जातं. मग होतं काय? उत्पन्नाचा दाखला "बसवावा" लागतो. खरं सांगणारा बाद होतो आणि ज्याची ओळख आहे त्याचं काम होतं. गरज ठरवण्याची यंत्रणा अशी चालते. गावाला माहीत असतं कोण उपाशी झोपतं, पण दाखल्याला ते कळत नाही.

पुढचं ऐका. मंजूर झालं की दरवर्षी हयातीचा दाखला. बोटांचे ठसे झिजलेले असतात. जन्मभर भांडी घासलेल्या, खुरपणी केलेल्या हातांचे ठसे मशीन घेत नाही. मागच्या वर्षी एका आजीला मी तीन वेळा घेऊन गेलो, रिक्षाचे प्रत्येक वेळी दीडशे. चौथ्यांदा झालं. चेहरा दाखवून हयात नोंदवायची सोय केंद्राच्या पेन्शनरांना २०२१ पासून आहे, घरबसल्या मोबाइलवर होतं. तीच सोय १,५०० रुपयेवाल्या आजीला प्रत्येक गावात, ग्रामपंचायतीच्या मोबाइलवरून का मिळू नये?

तीन फ्लॅटवाल्या गृहस्थाला कार्ड मिळालं याचं तुम्हाला वाईट वाटतं, ते समजू शकतो. पण त्या एकाला गाळण्यासाठी जी चाळणी लावाल, तिच्यातून आधी माझी आजी गळून पडेल. अट नसलेली योजना मला म्हणूनच आवडते. आधारकार्डावर वय ७० दिसलं की झालं.

---

नवी_पहाट

मधेच एक प्रश्न. माझे वडील खरे ७२ चे आहेत, आधारवर जन्मसाल चुकून चार वर्षं उशिराचं पडलंय. कार्ड मिळेल का?

---

सेतू_रांग

नाही मिळणार, ७० ची अट आधारवरच्या वयावरून तपासतात. आधी आधार दुरुस्त करून घ्या. जन्माचा दाखला किंवा शाळेचा दाखला असं ठोस कागदपत्र बरोबर न्या आणि तारीख नीट तपासून भरा, कारण जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलू देतात. तोवर काही निघालं तर रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत बसतात का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

---

आडवाटेचं_केंद्र

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. माझी बाजू मांडतो.

राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत, उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि औषधं मोफत आहेत. केस पेपरचेही पैसे नाहीत. मधुमेह-रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या आमच्याकडे येतात. तरी सांजवेळ यांच्या आईसारखे रुग्ण खाजगी दुकानातून का घेतात? मला दिसलेली कारणं सांगतो.

गोळ्या आम्ही बहुतेक वेळा १०-१५ दिवसांच्या देतो. साठा बेताचा असतो, सगळ्यांना पुरवायचा असतो. म्हणजे महिन्यातून दोनदा यायचं, बरोबर कुणीतरी हवं, त्या माणसाचा रोज बुडतो. ५ रुपयांच्या गोळीसाठी २०० रुपये खर्च. त्यात एखाद्या महिन्यात पुरवठाच आला नाही की आम्ही चिठ्ठी लिहून देतो, आणि एकदा खाजगी गोळी सुरू झाली की रुग्ण परत येत नाही. विश्वास तुटतो, आणि त्यात रुग्णाची चूक नसते.

तामिळनाडूने ५ ऑगस्ट २०२१ पासून "मक्कळै तेडि मरुत्तुवम" योजना सुरू केली. अर्थ असा की औषध माणसाला शोधत त्याच्या घरी जातं. आरोग्यसेविका घरोघर जाऊन रक्तदाब-साखर तपासते, गोळ्या घरपोच देते, फिजिओथेरपी आणि अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषाही घरीच होते. या कामाला २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. हे त्यांना जमलं, कारण औषधखरेदीचं स्वतंत्र महामंडळ त्यांनी १९९४ पासून चालवलं होतं. गोदामात गोळी असेल तरच ती घरी पोचते. राजस्थाननेही २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यात मोफत औषधं सुरू केली, तिथेही आधी खरेदीची घडी बसवली. आपल्याकडे औषधखरेदीचं स्वतंत्र प्राधिकरण २०२३ मध्ये आलं. म्हणजे आपण तीस वर्षं मागे आहोत, पण रस्ता तोच आहे.

माझी मागणी साधी आहे. ६५ वर्षांपुढच्या स्थिर रुग्णाला ९० दिवसांच्या गोळ्या एकदम द्यायची परवानगी आणि तेवढा साठा द्या. आशाताईंना प्रत्येक घर माहीत असतं. त्यांना या कामाचा वेगळा मोबदला द्या, फुकट राबवू नका.

---

मधली_पिढी

औषधांवर सगळे बोलत आहेत, मी दुसऱ्या खर्चाबद्दल बोलते. सांजवेळ यांनी तो एका ओळीत लिहून टाकला: सोबतीच्या बाईचे ९,०००.

माझ्या सासूबाई तीन वर्षं अंथरुणावर होत्या. मी ५१ व्या वर्षी नोकरी सोडली. २४ तासांची आया ठेवली असती तर एजन्सीला माझ्या पगाराएवढेच पैसे द्यावे लागले असते, मग घरात आपलंच माणूस असावं असं ठरलं. "घरात" म्हणजे मी. नवऱ्याला दोष देत नाही, हिशेबच तसा होता. डायपर, वॉटरबेड, कॅथेटर बदलायला येणारी नर्स, यातलं काही कुठल्या विम्यात बसत नाही. माझा बुडालेला पगार आणि थांबलेला भविष्यनिर्वाह निधी तर कुठल्याच कागदावर नाही. उद्या मी सत्तरीची होईन तेव्हा माझी पेन्शन त्या तीन वर्षांमुळे आणि पुढच्या सगळ्या वर्षांमुळे कमी असणार आहे. म्हातारपणाची गरिबी अशी एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे जाते.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, काठी, कंबरेचा पट्टा अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. ते मिळावेतच. पण शुश्रूषा रोजची असते. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेसाठी वेगळा सामाजिक विमा सुरू केला. जपानमध्ये चाळिशीपासून प्रत्येकाला त्याची वर्गणी भरावी लागते, आणि गरज लागली की घरी मदतनीस येतो. आपल्याला एवढं लगेच जमणार नाही हे कळतं. पण केरळात शुश्रूषा घरी नेण्याचं धोरण २००८ पासून आहे. पंचायतीची नर्स घरी येते, गावातले स्वयंसेवक बरोबर असतात. ते तर आपल्याच देशात आहे. सासूबाईंकडे आठवड्यातून एकदा जरी अशी नर्स आली असती तर शेवटच्या वर्षातल्या त्या जखमा झाल्या नसत्या. त्या जखमा मला अजून दिसतात.

---

सांजवेळ

मधली_पिढी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खरंच एका ओळीत लिहून टाकलं मी. आईकडे येणाऱ्या ताईंना आम्ही ९,००० देतो तेही त्यांच्या कष्टांना कमीच आहेत, आणि त्यांच्या म्हातारपणाचं काय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. त्यांना ना भविष्यनिर्वाह निधी, ना पेन्शन. अटल पेन्शन योजनेत त्यांचं नाव घालायचं मनात आलं होतं, पण तिथे चाळिशीपर्यंतच प्रवेश, त्या ४६ च्या आहेत.

हिशेबनीस, राग अजिबात नाही. पण सेतू_रांग यांनी लिहिलंय त्यावर तुमचं काय मत?

---

हिशेबनीस

सेतू_रांग यांचा मुद्दा मान्य. २१,००० ची अट आणि ठसे न उमटणं, हे मला या तपशिलाने माहीत नव्हतं. तरी पैशाचा प्रश्न सुटत नाही. कुणीतरी नेमकी मागणी सांगा, मी बेरीज करून देतो.

---

पासबुक

ती नेमकी मागणी माझ्या पेन्शन स्लिपवर छापलेली आहे, म्हणून लिहितो.

मी केंद्र सरकारचा निवृत्त कर्मचारी. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, माझा महागाई भत्ता बदलतो. शहरात राहणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना केंद्रीय आरोग्य योजनेच्या दवाखान्यातून रोजची औषधं मिळतात. मी राहतो तिथे तो दवाखाना नाही, म्हणून मला महिन्याला १,००० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता मिळतो. २०१७ पासून. त्याला पावत्या लागत नाहीत, दाखला लागत नाही. रोजच्या बाह्यरुग्ण खर्चासाठी, असं त्याच्या आदेशात स्पष्ट लिहिलंय.

म्हणजे म्हाताऱ्या माणसाला भरती न होताही औषधाचा खर्च असतो हे सरकारला ठाऊक आहे. आपल्या माणसांसाठी त्याने ते मान्य केलंय. जो कारखान्यात, शेतात, दुकानात राबला त्याच्यासाठी मात्र मान्य केलेलं नाही. मला हा भत्ता मिळतो याची लाज वाटायचं कारण नाही, पण शेजारच्या गिरणीकामगाराला तो मिळत नाही याचं उत्तरही माझ्याकडे नाही.

विम्याबद्दल दोन शब्द. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, बहुतेक औषधांवरचा १२ वरून ५ टक्के झाला. विमा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी नियामकाशी बोला. या चांगल्या गोष्टी आहेत. पण दरवर्षी १० टक्के वाढही गोठलेल्या व्याजावर जगणाऱ्याला झेपत नाही. शिवाय ज्येष्ठांना विमा नसेल तर औषधोपचारावर ५०,००० पर्यंत प्राप्तिकरात वजावट मिळते, ती फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत ती नाहीच.

---

हिशेबनीस

पासबुक, धन्यवाद. हे मला खरंच सुचलं नव्हतं. आता बेरीज.

वृद्धापकाळ निवृत्तिवेतन घेणारे देशात सुमारे २.२ कोटी. त्या प्रत्येकाला महिना १,००० रुपये वैद्यकीय भत्ता दिला तर वर्षाला २६,४०० कोटी. ईपीएस ९५ चे पेन्शनर सुमारे ७८ लाख, त्यांचे ९,३६० कोटी. दोन्ही मिळून ३५,७६० कोटी, ढोबळमानाने ३६,००० कोटी. काही नावं दोन्हीकडे असतील, म्हणजे प्रत्यक्षात थोडं कमी.

मोठा आकडा आहे. वृद्ध, विधवा, दिव्यांग या सगळ्यांच्या राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमाची २०२५-२६ ची तरतूदच ९,६५२ कोटी होती, त्याच्या जवळजवळ चौपट. पण २०२५-२६ चा केंद्राचा अर्थसंकल्प सुमारे ५०.६५ लाख कोटींचा होता. त्यात हे शंभर रुपयांतले सत्तर पैसे होतात.

माझं मत थोडं बदललंय, तेही लिहून ठेवतो. भरतीच्या योजनेत कुणाला गाळू नये हे पटलं. पण रोख भत्ता आधी या दोन गटांनाच द्यावा, कारण त्यांची यादी सरकारकडे तयार आहे, नवा दाखला मागायची गरज नाही. आणि भत्ता दिला म्हणून आडवाटेच्या केंद्राचा साठा कमी करू नये. गोळी आणि भत्ता यात निवड करायची वेळ आली तर मी गोळी निवडेन. घरात रोख आली की ती नातवाच्या फीलाही जाते.

---

मधली_पिढी

जाऊ दे ना फीला. तिचे पैसे आहेत. नातवाची फी भरता आली तर त्या आजीला घरात किंमत येते, तेही औषधच आहे. गोळी निवडायला माझी हरकत नाही, पण तिने पैसे कशावर खर्च करावेत हे आपण ठरवू नये.

---

काउंटरमागून

दोघांचंही पटतं. फक्त एक माहिती देऊन ठेवतो, कुणाला आज उपयोगी पडेल. महाराष्ट्रात धर्मादाय न्यासाच्या दवाखान्यांना सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक नुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. अनेक मोठे दवाखाने यात येतात. रिसेप्शनवर विचारलं की खाटा भरल्या म्हणतात, माझ्या मामांना एका दवाखान्याने हेच सांगितलं. आम्ही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला तेव्हा तिसऱ्या दिवशी खाट मिळाली. लेखीच द्या. आणि कुठलीच वाट सापडत नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, फोन मोफत आहे.

---

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता हे पत्राच्या रूपात लिहायला घेते, आमदार आणि खासदार दोघांनाही पाठवेन, अधिवेशनाच्या आधी. ९० दिवसांच्या गोळ्या, चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव, पेन्शनरांच्या तयार यादीला वैद्यकीय भत्ता, २०० रुपयांना महागाईची जोड, आणि पंचायतीची नर्स. हयातीची चेहऱ्यावरून नोंद यातली सगळ्यात सोपी, ती सर्वांत वर लिहीन.

पत्राला जोडायला खरे आकडे हवेत. ज्यांना शक्य असेल त्यांनी नाव न देता एवढंच लिहा: वय, महिन्याचं उत्पन्न, महिन्याचा औषधांचा खर्च, कार्डात बसता का.

---

आडवाटेचं_केंद्र

माझ्याकडे गेल्या आठवड्यात आलेल्या एका आजींचं, त्यांना विचारून लिहितो. वय ८१. उत्पन्न श्रावणबाळचे १,५००. आमच्याकडे गोळ्या नव्हत्या त्या महिन्यात ६४० रुपयांच्या बाहेरून आणल्या. पुढच्या महिन्यात आणल्याच नाहीत. कार्ड आहे.

---

नवी_पहाट

वडील ७२, आधारवर ६८. आई ६६. दोघांचं मिळून ईपीएसचे २,३१० आणि मी देतो ते ६,०००. औषधं ४,२५०. आज तरी दोघंही कार्डात बसत नाहीत. आधारच्या दुरुस्तीसाठी सोमवारची वेळ मिळाली आहे.